कोंबडा नको, कठडा हवा

मंडळी, पुढे सरका. मागे जागा आहे म्हणून मागे बसायचं नसतं. कीर्तनात आणि पंगतीत, पुढे बसणारा फायद्यात. हां, असं.

आता मला एक सांगा. एखाद्या माणसाला आपण मारलं नाही. शिवी दिली नाही. त्याच्या ताटातली भाकरी ओढली नाही. फक्त जरा लांब बसवलं. "तू तिकडे बस, इथे नको." एवढंच. तर ते पाप आहे की नाही?

काका, तुम्ही मान हलवलीत, पण उभी की आडवी ते काही कळलं नाही. असू दे, घाई नाही. पोथ्या उघडल्या तर मोठमोठी पापं सापडतात. हे बारीक पाप सहसा सापडत नाही. म्हणून आज पोथीतलं आख्यान लावत नाही. माझ्या मावशीच्या गावाशेजारी घडलेलं सांगतो. गावाचं नाव घेणार नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मला तिकडे जेवायला जावं लागतं.

ऐका. खाडीच्या काठाला कौलांचा एक कारखाना होता. पन्नासएक वर्षांमागची गोष्ट. खाडीची माती आणायची, मळायची, साच्यात दाबायची, वाळवायची आणि भट्टीत भाजायची. भाजून निघालेलं कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. पक्कं असेल तर टण् वाजतं. चीर गेली असेल तर बद्द. माणसाचंही तसंच असतं, पण ते राहू दे.

तिथे सुगंधा मांडवकर म्हणून एक बाई कामाला होती. तिशीची. खाडीपलीकडच्या गावातून लग्न होऊन आलेली. नवरा गलबतावर, आठ-आठ महिने समुद्रात. घरी आंधळी सासू. कामाला चोख बाई. भट्टीच्या तोंडाशी उभी राहून लाकडं आत सारायची, ते तिचं काम. भट्टीचं तोंड म्हणजे माणूस वाकून आत जाईल एवढं भोक, आणि आत नुसता लाल जाळ. पुढे कठडा नाही, काही नाही.

एके दिवशी माती मळायला चिखलाच्या खळ्यात उतरली असताना सुगंधा कोसळली. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. फेफरं आलं होतं. बायका ओरडत मागे सरल्या. कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी कांदा फोडला. दोन मिनिटांत ती शुद्धीवर आली आणि पदर सावरत विचारती झाली, "काय झालं गं?" एक जण दुसरीच्या कानाशी पुटपुटली, "हिच्या अंगात काहीतरी आहे."

बस्स. एका वाक्यानं काम झालं. मंडळी, साथीचा रोग पसरायला चार दिवस लागतात, असलं वाक्य पसरायला चहाची सुट्टी पुरते.

सुगंधा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका कागदावर लिहून दिलं. या बाईला आगीजवळ व यंत्राजवळ काम देऊ नये, एकटं ठेवू नये, बाकी सर्व काम ती करू शकते. तीन ओळी. कागद घेऊन ती शेठकडे गेली. कारखान्याचे मालक प्रभाकरशेठ केळुसकर. वाईट माणूस नव्हे हो. गणपतीला गावाला जेवण घालायचे.

"शेठ, मला कौलं वाजवून निवडायला बसवा. चार बायका असतात तिथे. मला काही झालं तर बघतील."

शेठनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "एकीला दिलं की उद्या सगळ्या मागतील."

हे वाक्य लक्षात ठेवा.

शेवटी मुकादमानं, पांडू शिवगणनं, तोड काढली. म्हणाला, "निवडायला बस. पण बायकांच्यात नको, त्या घाबरतात. जुन्या शेडमध्ये बस." म्हणजे काय केलं? डॉक्टरांचा अर्धा कागद पाळला. आग टाळली आणि बाईला एकटं टाकलं. वर म्हणाला, "बघ, तुझं ऐकलं ना?"

जुनी शेड भट्टीच्या मागे. पत्रे फुटलेले, आत उन्हाच्या पट्ट्या, आणि माणसाच्या उंचीपर्यंत रचलेली जुनी कौलं. तिथे कुणी जायचं नाही. टोपली नेऊन द्यायचं काम आनंदीबाईकडे आलं. आनंदी पन्नाशीची, कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. टोपली उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायची. बोलायचीही नाही.

आठवडा गेला. दुपारचे बारा. ओहोटी लागलेली, वारा पडलेला. आनंदी टोपली ठेवून वळली आणि तिला आवाज आला. टण्. सुगंधा कौल वाजवतेय. त्यात काय? पण लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून, टण्.

आनंदी थांबली. टण्, इकडून. टण्, तिकडून. दोघी जणी समोरासमोर बसून निवडतात ना, तसं. मग सुगंधाचं हळू बोलणं. मग जरा गप्प, कुणीतरी उत्तर देतंय तेवढा वेळ. मग सुगंधाचं हसणं.

आनंदीनं वाकून आत बघितलं. सुगंधा एकटी बसलेली. निवडलेल्या कौलांचा ढीग तिच्या उजव्या हाताला. आणि दुसरा ढीग समोरच्या भिंतीशी. मधे जमिनीवर मातीची पूड बोटभर जाड. त्या पुडीवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"कुणाशी बोलत होतीस गं?"

सुगंधानं सहज सांगितलं, "ती बाई येते ना. भट्टीवरची."

"कोण भट्टीवरची?"

"नाव नाही विचारलं. कपाळावर तीन ठिपके गोंदलेत. डाव्या हाताला करंगळी नाही. म्हणते, मलापण फेफरं यायचं. तुम्ही ओळखत असाल ना?"

मंडळी, आनंदी दोन पावलं मागे सरली. कारण ती ओळखत होती. शेवंती. बावीस वर्षांपूर्वी त्याच भट्टीच्या जाळात पडून गेलेली. कारखान्यानं लिहिलं होतं, पाय घसरला. त्यानंतर त्या कारखान्यात शेवंतीचं नाव कुणी काढलं नव्हतं. आणि सुगंधा तेव्हा खाडीपलीकडे आठ वर्षांची पोर होती.

झोप आली का कुणाला? नाही ना? मगाशी जांभया देत होता, आता बघा कसे ताठ बसलात.

बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी बायका फाटकाच्या आत येईनात. भट्टी विझायची वेळ आली. मुकादम म्हणाला, "शेठ, भगताला बोलवू. कोंबडा देऊ, सुटलो." शेठनी होकार दिला. तीन ओळींच्या कागदाला नाही आणि कोंबड्याला लगेच हो!

भगत आला. म्हातारा, सरळ माणूस. भर दुपारी शेडच्या दारात बसला, तांदूळ मांडले, नारळ ठेवला. बाजूला कोंबडा, पाय बांधलेला. शेठ, मुकादम, सगळ्या बायका लांब उभ्या. भगत हाळी देऊन म्हणाला, "जी कोण असशील ती बोल. काय पाहिजे तुला? कोंबडा घे, नारळ घे, पण वाट सोड."

सुगंधा आत बसली होती. घुमली नाही, केस सोडले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघून कान दिला आणि शेजारणीचा निरोप सांगावा तसं म्हणाली, "ती म्हणते, कोंबडा नको. भट्टीच्या तोंडाला कठडा हवा. आणि आजारी बाईला एकटं बसवू नका म्हणते."

सगळे चूप. कोंबडासुद्धा.

भगतानं तांदूळ गोळा केले, नारळ पिशवीत टाकला आणि उठला. "शेठ, हे माझ्या हातातलं काम नाही. गवंडी बोलवा."

हसा, हसा. पण शेठ हसले नाहीत. त्यांना वाटलं, या बाईनं सोंग केलं, चार माणसांत आपली शोभा केली. पुढे होऊन म्हणाले, "भुताच्या तोंडून माझ्याशी बोलतेस? उद्यापासून भट्टीवर. जमत नसेल तर घर गाठ."

सुगंधा उठून उभी राहिली. त्या खाडीकाठी दुसरं काम नव्हतं, आणि घरी आंधळी सासू. म्हणाली, "येते भट्टीवर. पण शेठ, डॉक्टरांचा कागद तुम्ही वाचलात, एवढं या सगळ्यांसमोर बोला."

शेठ रागात होते. "वाचला," म्हणाले आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. सुगंधा भट्टीच्या तोंडाशी लाकूड सारत होती. बायका दहा पावलं मागे, भीतीनं. लाकडाची मोळीसुद्धा लांबून ढकलायच्या. आणि सुगंधाच्या हातातलं लाकूड पडलं. मान एका बाजूला वळली. सगळ्यांनी बघितलं, आता ही पडणार. ती पुढे झुकली. जाळाकडे.

दहा बायका होत्या. मुकादम होता. एकाचंही पाऊल पुढे पडलं नाही. आनंदीबाईनं म्हातारपणी हे मला स्वतः सांगितलं. म्हणाली, "बुवा, ओरडायलाही आवाज फुटला नाही. पाय जमिनीत रुतले."

तेवढ्यात भट्टीतून धुराचा लोट आला. पांढरा, दाट. मोजून तीन-चार श्वास, पण कुणाला काही दिसेना. धूर विरला तेव्हा सुगंधा भट्टीच्या तोंडाशी नव्हती. सात-आठ हात मागे आडवी होती. कुशीवर वळवलेली, डोक्याखाली तिचाच पदर घडी करून ठेवलेला. पदराचं टोक जळलेलं. आणि उजव्या दंडावर ओल्या मातीचा पंजा. डाव्या हाताचा. अंगठा आणि तीन बोटं. करंगळीच्या जागी काही नाही.

आता बघा. भट्टीजवळ ओली माती कुठून येणार? तिथे सगळं कोरडं, भाजलेलं. मुकादमानं प्रत्येकीचे हात बघितले. राखेचे हात, कोरडे. बोटं सगळ्यांची पुरी.

शेठ धावत आले. त्यांनी तो पंजा बघितला. माती अजून वाळली नव्हती, एक थेंब ओघळत कोपरापर्यंत आला. तेव्हा आनंदी पुढे आली. बावीस वर्षं मिटलेलं तोंड तिनं उघडलं.

"शेठ, शेवंतीनंपण मागितलं होतं. तुमच्या वडलांकडे. मी होते बरोबर. म्हणाली, मला आगीपासून बाजूला घ्या. थोरले शेठ काय म्हणाले सांगू?"

शेठ पंज्यावरची नजर काढून तिच्याकडे वळले.

"म्हणाले, एकीला दिलं की उद्या सगळ्या मागतील."

तेच वाक्य. शब्दाला शब्द. शेठ त्या वेळी शाळेत होते, त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. तरी त्यांच्या तोंडून जसंच्या तसं आलं होतं. मंडळी, पंजा बघून माणूस घाबरला होता, पण हे ऐकून मात्र मटकन खाली बसला. भूत शेडमध्ये आहे असं सगळे समजत होते. त्यांना त्या क्षणी कळलं, आपल्या जिभेवर कोण बसलं होतं ते.

चार दिवसांत कठडा उभा राहिला. छातीएवढा, चिऱ्याचा. सुगंधाला निवडायला बसवलं, बायकांच्यात. पहिल्या दिवशी तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. मग आनंदी आपली टोपली उचलून तिच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "सरक जरा." डॉक्टरांनी येऊन बायकांना शिकवलं, फेफरं आलं तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल पायातच राहू द्यायची. पुढे सुगंधाला वर्षा-दोन वर्षांत एखादं फेफरं यायचं. दोघी जणी उठायच्या, बघायच्या आणि परत कामाला लागायच्या. एकोणीस वर्षं तिनं तिथे काम केलं. मग दुसऱ्या एका बाईनं गरोदरपणात बसून करायचं काम मागितलं, तिला मिळालं. एका म्हाताऱ्यानं स्टूल मागितलं, त्याला मिळालं. हो, शेठ म्हणाले ते खरंच झालं. उद्या सगळ्यांनी मागितलं. आणि कारखाना काही बुडाला नाही.

मी सुगंधाबाईंना भेटलो तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. मी विचारलं, "बाई, खरं सांगा. ती शेवंती नंतर कधी दिसली?"

त्या म्हणाल्या, "नाही बुवा. आनंदी शेजारी बसायला लागली आणि ती यायची थांबली. जागा भरली ना."

विठ्ठल, विठ्ठल. जे काम दहा जिवंत माणसांचं होतं, ते करायला एका मेलेल्या बाईला यावं लागलं. मंडळी, भूत कुणाला म्हणायचं मग? येऊन धरणारीला, की उभं राहून बघणाऱ्यांना?

आता गोष्ट संपली आणि तुम्ही प्रसादाकडे बघायला लागलात. थांबा. आज या देवळात येताना मी चौदा पायऱ्या चढलो. पहिल्या पायरीपाशी, कडुलिंबाखाली, एक माणूस तीनचाकी सायकलवर बसलेला होता. मी विचारलं, तुम्ही कोण? म्हणाले, भिकाजी गुरव. एकवीस वर्षं याच देवळात कीर्तनाला तबल्याची साथ केली. मागच्या वर्षी साखरेच्या आजारात पाय गेला, तेव्हा तुम्हीच त्यांना प्रेमानं सांगितलंत, "आता घरी आराम करा." शिवी दिली नाही. मानधन बुडवलं नाही. आज पाहुणे तबलजी आणलेत, उत्तम वाजवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण भिकाजींचा पाय गेलाय हो. हात नाही गेले.

ते अजून खालीच आहेत. बाहेरचा कर्णा लावलाय ना, त्यावर ऐकतायत. मगाशी मी नाम घेतलं तेव्हा इथल्या तबल्याबरोबर खालून सायकलच्या दांड्यावर ठेका येत होता. मी ऐकला. तुमच्यातल्या काहींनीही ऐकला, मी तोंडं बघितली तुमची. कुणी उठलं नाही.

कुणी मान खाली घालू नका, त्यानं काही होत नाही. ट्रस्टींनी उताराची वाट कधी बांधायची ते पंचांगात बघून ठरवावं. माझ्याच्यानं तोवर थांबवत नाही. पाहुणे, ते तबले जरा द्या इकडे. काका, तुम्ही पेटी उचला. समई कुणीतरी सांभाळून धरा. आरती खाली होईल, देवाला इथून दिसतं.

भिकाजी, हात मोकळे करून ठेवा. आम्ही उतरतोय.