काशीबाईची पात

माझं माहेर चुडाव्याच्या पल्याड, आमची मेंढरं होती, सोताचं रान असं न्हाईच, बाप मेंढरामागं आन आमी बापामागं, त्यामुळं खुरपं हातात कसं धरावं तेबी मला ठावं न्हवतं, आन लगीन करून दिलं ते हितं, पेडगावाजवळ, तीन एकर काळ्या रानात. काय सांगू तुला सुमन, पयल्या वर्षी कापसातलं तण बघून मी रडले होते. सासू अंथरुणाला खिळलेली, मालक मानवतला हमालीला, आन मी एकटी खुरपायलेय, पुढचं निघायच्या आत मागचं उगवायलंय. एक दिवस सकाळी बघते तर बांधावर चौदा बायका उभ्या. मी घाबरले, म्हणलं मी कुणाला बोलावलं न्हाई, माझ्याजवळ द्यायला मजुरी न्हाई. तवा त्यातली एक उंच बाई हसली, ती तुझी आई, काशीबाई. ती म्हणली, तुला कोण मजुरी मागायलंय माय, ही सावड हाय, आज आमी तुझ्या रानात, उद्या तू आमच्या रानात, आन ते खुरपं नीट धर, लोकर कातरायलीस का काय. सगळ्या हसल्या, मंग मीबी हसले. दोन दिवसांत सगळं रान निघालं. आपल्या रानात एवढ्या बायका बोलायल्यात, हसायल्यात, हे बघून मला लगीन झाल्यापासून पयल्यांदा हे गाव माझं वाटलं.

आमच्या सावडीत मुकादम न्हाई, कुणी हुकूम सोडणारी न्हाई. तू मघा इचारलंस ना, मंग आधी कुणाचं रान ते कोण ठरवतं. कुणीच ठरवत न्हाई, माती ठरवती. पाऊस उघडला की जमीन धड चिखल न्हाई आन धड ढेकूळ न्हाई अशी होती, तो वाफसा. मूठभर माती घ्यायची, तिचा लाडू वळायचा, गुडघ्याइतक्या उंचीवरून सोडायचा, फुटला तर वाफसा आला, थपकन बसला तर अजून वल हाय. ज्याच्या रानातला लाडू आधी फुटंल त्याची पाळी आधी. तुझ्या आईचं रान बरड, हलकं, पाणी लवकर निचरतं, ते सगळ्यात आधी, माझं मधी, ओढ्याकाठची भारी रानं शेवटी. आन रानात गेलं की एकेकीनं एकेक पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी, आन एखादी मागं राहिली तर दोन्हीकडच्या बायका तिची पात ओढून घेतात, बोलत न्हाईत, नुसतं घेतात. बांधाकडच्या पातीला हराळी लय, ते गवत उपटता उपटंना, तिथं कुणी बसत न्हाई, ती पात कायम तुझ्या आईची. कुणी दिली न्हाई, तिनंच धरली.

आता माझी चूक सांगते, तीबी तुझ्या वहीत लिव, लपवू नको. ग्रामपंचायतीचं इलेक्शन आलं. एका पॅनलचे भाऊसाहेब माझ्या वसरीत येऊन बसले, म्हणले बायांनो, एवढी तुमची एकी, आन तुमाला पुढारी न्हाई, हे बरं दिसत न्हाई, एक अध्यक्ष करा, पाटी मी करून देतो. बायकांनी माझ्याकडं बघितलं, मी न्हाई म्हणले न्हाई. टिनाची पाटी आली, लाल अक्षरं, माझं नाव. मला वाचता येत न्हाई तरी दिवसातून तीनदा मी ती बघून यायची.

मंग पाऊस झाला. भाऊसाहेबांचा निरोप आला, आमच्या रानापासून सुरुवात करा, मोठी माणसं येणार हायेत बघायला. त्यांचं रान ओढ्याकाठचं. सकाळी तुझ्या आईनं माझ्यासमोर लाडू सोडला, तो फुटला, ती मला म्हणली, गये, आज माझ्या रानाची पाळी. आन मी काय म्हणले असंल? म्हणले, अध्यक्ष मी हाय, मी ठरवते. ते अजून टोचतंय बघ मला. सगळ्यांनी खुरपी उचलली. गेलो. घोट्याइतका चिखल, तणाबरोबर कापूस उपटून येतोय, सगळं रान तुडवून टणक केलं. तुझी आई बांधाकडची पात गुमान काढत होती. तवर हिकडं तिच्या रानाचा वाफसा निघून गेला, जमीन दगडासारखी झाली.

माझी पाळी आली तवा बांधावर कुणीच न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. तण कापसाच्या बरोबरीला आलं. मालक म्हणले, अध्यक्षीणबाई, घ्या आता खुरपं. मला कापसाची फिकीर न्हवती असं न्हाई, पर त्याच्याहून भ्या वेगळंच वाटायलं, की ह्या बांधावर आता बायका पुन्हा उभ्याच न्हाई राहिल्या तर?

तिसऱ्या दिवशी मी माझं रान तसंच सोडलं आन तुझ्या आईच्या रानात जाऊन बसले, बांधाकडच्या पातीवर. खुरपं टणटण वाजायलंय, माती निघत न्हाई. भाकरीचं फडकं घेऊन ती आली, ते बांधावर ठेवलं आन म्हणली, अध्यक्ष, खुर्ची आणू का बसायला? मी म्हणलं, काशीबाई, चुकलं माझं. ती म्हणली, चुकलं तर चुकलं, पात सरळ धर. आन बसली शेजारी. दुपारपर्यंत एकेक करून सगळ्या आल्या, कुणी कुणाला सांगावा धाडला न्हाई. आन दोन दिवसांनी सगळ्या माझ्या बांधावर.

ती पाटी आता शेळ्यांच्या खोपटावर हाय, पाऊस गळत न्हाई, चांगली हाय. भाऊसाहेब पुन्हा एकदा आले, आता पुढारी कोण म्हणून इचारायले. तुझ्या आईनं मातीचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला, म्हणली ह्या मातीला इचारा. ते बिचारे तो लाडू घेऊन मारुतीपर्यंत गेले, टाकावा का ठेवावा कळंना त्यांना. आमी हसून हसून बेजार. मत ज्याचं त्याचं, ते सावडीत कुणी इचारत न्हाई, दोन पॅनलच्या दोन जावा शेजारी शेजारी पात धरतात. रानाकडच्या वाटंला मुरूम टाकायला दोन्ही पॅनलवाले सांगत होते, उद्या टाकू, उद्या टाकू, शेवटी आमीच टाकला, ज्याची बैलगाडी त्यानं गाडी आणली, ज्याचं काई न्हाई त्यानं फावडं.

उन्हाळ्यात काशीबाई गेली. तवापासून कुणाच्याबी रानात आमी बसलो की बांधाकडची पात रिकामी राहती, शेवटी सगळ्या मिळून ती काढतो. लोक तुला म्हणायलेत, तू शिकलेली, शहरातली, रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाक. तुझी मर्जी, मी काई म्हणत न्हाई. पर तुझं रान औंदा आमीच पेरलंय, आन आज सकाळी मी तिथं जाऊन आले. लाडू सोडला, फुटला. म्हणजे उद्या तुझी पाळी. आमी येणारच, तू बोलाव न्हाईतर नको बोलावू.

तू फकस्त एवढं कर, वही घरी ठेव आन आईचं खुरपं घे. बांधाकडची पात धर. मागं राहिलीस तर राहा, शेजारी मी हाय, ओढून घेते. भाकर आणू नको, तुझी मी आणते.