पहिल्या धारेचं पाणी

सून : हात लावू नका, बाबा. आधी नीट बघा. मिशा आहेत, सगळे पाय आहेत, शेपटीचा पंखा आहे. पण पाठीवर, डोकं संपतं तिथे, एक आडवी चीर आहे. आणि उजेड आरपार जातोय.

सासरे : म्हणजे मेली. सांगितलं होतं, तुझ्या वाडग्यात एकही टिकायची नाही.

सून : म्हणजे रिकामी. कोळंबी नाही ती, तिची कात आहे.

सासरे : आणि मालकीणबाई?

सून : त्या दगडामागे. कात टाकली की अंग मऊ असतं, म्हणून जरा लपून बसते. लाल टोक दिसतंय का?

सासरे : जन्मभर भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, आणि आज सुनेने चक्रं नसलेली रिकामी केस दाखवून मला येड्यात काढलं.

सून : ते भिंग कपाळावर चढवून ठेवलंय तुम्ही. डोळ्यावर घ्या.

सासरे : हं. दिसली. बरी दिसतेय. पण एकीने कात टाकली म्हणून काय मोठा तीर मारला?

सून : तुमच्या काचेच्या मोठ्या टाकीत एवढ्यात कुणी टाकली का? तिथे तर तुम्ही रोज सकाळी चिमट्याने एकेक बाहेर काढता आणि मला कळू नये म्हणून कुंडीत पुरता.

सासरे : कुणी सांगितलं तुला?

सून : कुंडीतल्या मिरचीने. एवढी माजलीय, लपेल कसं?

सासरे : म्हाताऱ्या झाल्या असतील.

सून : या वाडग्यातल्या त्यांच्याच बहिणी आहेत. खाणं तेच, शेवाळ तेच, खिडकीही तीच. फरक फक्त पाण्याचा. टाकीत तुमचं, वाडग्यात माझं.

सासरे : माझं म्हणे! माझ्या जुन्या घरच्या नळाचं पाणी आहे ते. त्यावर यांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. तुझी सासू यांना सवती म्हणायची, पण मी दुकानात असलो की टाकीत पाणी तीच भरायची.

सून : म्हणून दर रविवारी दोन बस बदलून तुम्ही तिथून कॅन आणता.

सासरे : तेवढंच चालणं होतं.

सून : चालणं होतं आणि जिन्यात बसणंही होतं. तिथल्या खालच्या काकूंचा फोन आला होता.

सासरे : त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

सून : म्हणाल्या, कॅन मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं बाळ घेऊन बसावं तसे. आणि तोंड पांढरंफटक.

सासरे : दम खात होतो. माणसाने दमही खाऊ नये का?

सून : खावा. घरी बसून खावा. बरं, आता एक सांगते, रागावू नका. तुमच्या कॅनमधलं पाणी मी कारखान्यात नेलं होतं.

सासरे : माझं पाणी? औषधाच्या कारखान्यात?

सून : बाटलीभरच. दिवसभर पाणीच तपासत असते मी, त्यात एक बाटली जास्त. तांबं निघालं त्यात.

सासरे : निघणारच! पाइप तांब्याचे आहेत. सगळी बिल्डिंग स्वस्तातलं काहीबाही बसवत होती, तेव्हा मी स्वतः उभं राहून तांब्याचे बसवून घेतले.

सून : पाइप उत्तमच आहेत, बाबा. पण तुम्ही तिथे राहत होता तेव्हा नळ दिवसभर चालू असायचा. आंघोळी, भांडी, सासूबाईंच्या कुंड्या. पाणी पाइपात थांबायचं नाही. आता या रविवारपासून त्या रविवारपर्यंत ते तिथेच उभं असतं, आणि तांबं हळूहळू त्यात उतरतं. आपल्याला चवीवरून कळणारही नाही एवढं. कोळंबीला मात्र तेवढं पुरतं. कॅन भरण्याआधी थोडं पाणी सोडून देता का तुम्ही?

सासरे : फुकट कशाला घालवायचं? पहिल्या धारेलाच कॅन लावतो.

सून : पहिल्या धारेलाच.

सासरे : म्हणजे मीच त्यांना...

सून : तुम्हाला काय माहीत? मलासुद्धा आत्ता आत्तापर्यंत सुचलं नव्हतं, आणि माझं तर पोट त्यावर चालतं.

सासरे : मग सोपं आहे. आधी चार बादल्या वाहू द्यायच्या, मग कॅन भरायचा. मिटलं.

सून : हो.

सासरे : हो?

सून : चालेल तसं. पुन्हा एकदा तपासून बघू, पण चालेल. खोटं कशाला सांगू?

सासरे : अगं, भांड की जरा. तू भांडलीस की मला नाही म्हणता येतं.

सून : भांडायला तुमचे चिरंजीव आहेत. मी फक्त पाण्याचं सांगतेय. कॅन उचलायचा की नाही ते तुमच्या कमरेला विचारा.

सासरे : आणि तुझ्या या वाडग्यात काय अमृत ओतलंयस?

सून : शुद्ध पाणी. कारखान्यातल्या यंत्रातून काढलेलं. त्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलेलं असतं, बरं आणि वाईटही. मग त्यात कोळंबीचे क्षार मोजून घातलेत.

सासरे : म्हणजे आधी निवडून काढायचं आणि मग पुन्हा मिसळायचं? नुसतं शुद्ध का नको?

सून : नुसत्या शुद्धात त्या जगत नाहीत. कात सुटत नाही, सुटली तर नवं कवच धरत नाही. त्यांना थोडा चुना लागतो, आणखी एकदोन क्षार लागतात. फक्त रोज सारखेच हवेत. आज एक, उद्या दुसरं, असं नाही चालत त्यांना.

सासरे : तुझ्या सासूचा हाच खाक्या. घर धुवायला काढलं की मला दाराबाहेर उभं करायची. फरशी वाळली की हाक मारायची.

सून : मारायच्या ना पण? म्हणजे लागत होतात तुम्ही.

सासरे : लागत होतो बहुतेक. कधी म्हणाली नाही.

सून : तर तसं यंत्र घरी बसवायचंय. प्लंबर येतोय आज, तिसऱ्यांदा. पहिल्यांदा तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत. दुसऱ्यांदा त्याला दारातूनच सांगितलंत, घर चुकलास म्हणून.

सासरे : टेबलावर ठेवायचं यंत्र मिळतं. ते आण. उचललं की निघालं. मी इथे आठ दिवसांसाठी आलोय.

सून : त्या आठ दिवसांत तुमच्या नातीचे पुढचे दात पडून नवे आले.

सासरे : तिला सगळ्याचीच घाई.

सून : आणि तुमची बॅग अजून पलंगाखाली भरलेली. चांगला स्वेटर तिच्यात, आणि तुम्ही थंडीत माझी शाल पांघरून बसता.

सासरे : शाल ऊबदार आहे. आणि हे बघ, भिंतीला भोक पाडलं की ते भोकच राहतं. नंतर कितीही बुजव, खूण दिसते.

सून : म्हणून तर तुम्हाला विचारतेय. नाहीतर तुम्ही बसमध्ये असताना पाडून घेतलं नसतं का?

सासरे : आणि त्या घराचं काय?

सून : ते तुमचंच आहे. कुलूप लावून ठेवा, कुणाला राहायला द्या, वाटेल तेव्हा जाऊन बसा. बसायला कॅन कशाला लागतो?

सासरे : लागतो. पाणी आणायला जातो म्हटलं की कुणी विचारत नाही, तिथे बसून काय करता म्हणून.

सून : तसंही कुणी विचारणार नाही, बाबा.

सासरे : तुम्हा दोघांना माहीत होतं?

सून : कॅन भरायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही दिवेलागणीला परत येता. पुढच्या वेळी मला न्या बरोबर. मी सासूबाईंच्या कुंड्यांना पाणी घालीन. आधी सगळे नळ वाहू देऊन.

(दारावरची घंटा वाजते.)

प्लंबर : आजोबा, आज घर बरोबर आहे ना?

सासरे : आज बरोबर आहे. ये. पाय पूस.

प्लंबर : ताई, दोन्ही आणलीत. टेबलावरचं हवं असेल तर खोक्यातून काढतो, नळाला जोडतो आणि निघतो. भिंतीवरचं असेल तर ड्रिल काढावं लागेल. मागून भांडू नका, एकदा बसलं की ते हलत नाही.

सून : मला नका विचारू. कोळंब्या यांच्या आहेत.

सासरे : कुठे पाडणार भोक?

प्लंबर : स्वयंपाकघरात. सिंकच्या वर.

सासरे : तिथे नको. तिथे ही नवराबायको सकाळी डब्यांवरून भांडतात, मध्ये मी कुठे कडमडू? इकडे, माझ्या खोलीच्या बाहेर बेसिन आहे ना, त्याच्या शेजारी.

प्लंबर : जमेल. किती उंचीवर?

सासरे : मला वाकायला नको असं. थांब, मी भिंतीला टेकून उभा राहतो. खांद्याशी पेन्सिलने खूण कर. कर की, बघतोस काय?

सून : बाबा, सावकाश. सरळ उभे राहा.

सासरे : सरळच आहे. थोडी वर घे खूण. हिच्याही हाताला यायला हवं.

प्लंबर : आजोबा, पुन्हा विचारतो. नंतर म्हणाल, काढ.

सासरे : नाही म्हणणार. पाड तू. मी इथेच राहणार आहे.