दवाखान्यातली चुगली

आई झोपेतच गेली. आदल्या दिवशी तिघं दवाखान्यात बसली होती. लेक मासिक चाळत होती, कान मात्र आई-बाबांकडे.

"अहो, वैद्यांच्या नव्या चूर्णाचं डॉक्टरांना सांगू नका."

"सांगणार. दर वेळी सांगतो."

"घरभेदी कुठले!"

"विधुर होण्यापेक्षा घरभेदी बरा."

"मागे डॉक्टरांनी वैद्यांना फोन केला आणि दोघांनी मिळून माझा काढा बंद केला."

"मालिश ठेवली ना? काढ्याचं गोळीशी जुळत नव्हतं."

"जुळत तर आपलंही नाही. तुम्हाला कोणी बंद केलं?"

महिन्याने बाबा आईची चूर्णं आणि गोळ्या एकाच पिशवीत भरत होते.

"मला घरभेदी म्हणतच गेली गं."

"बाबा, तुमच्या चुगल्यांमुळेच आई आपल्याला इतकी वर्षं मिळाली," लेक पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली.