साहेब ब्लँकेट घेत नाहीत

...आणि ते ब्लँकेट परत घेऊन आलं कोण? मी! दोन्ही हातांवर पसरून, भरल्या सभागृहातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळं गाव माझ्याकडे असं बघतंय की जणू मीच ते कुठून तरी उचलून आणलंय. आमच्याकडे मेजवानीत दिलेला आहेर परत येत नाही हो. माझ्या सासूबाईंच्या, व्हर्नाबाईंच्या, घराण्यात तर आजवर एक मोजासुद्धा परत आलेला नाही. आणि माझ्या लग्नाला झालेत सहा आठवडे.

तुम्हाला सांगते, काम खरं तर चांगलं होतं. आमच्या या आदिवासी खोऱ्यावरून विजेच्या तारा गेल्या त्याला चाळीस वर्षं झाली. वीज जाते दक्षिणेतल्या शहरांना, आणि बरोब्बर त्या तारांखाली आमच्या गावाचं डिझेलचं जनरेटर खोकत बसलंय. आता नवी मोठी लाईन येतेय आणि कंपनी म्हणते, या वेळी गावानं भागीदार व्हावं. पैसा? बँक देईल. बँकेला जामीन? राजधानीतलं, ओटावाचं सरकार राहील! हे ऐकून एझ्रामामा, म्हणजे सासूबाईंचे मामा, आमच्या घराण्याचे मुख्य (घराणं आमच्याकडे आईकडून चालतं), एवढे हसले की कवळी काढून ठेवावी लागली. मग डोळे पुसून म्हणाले, "आपल्याला जामीन सरकार. बरं. आणि सरकारला जामीन कोण?"

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. मरायच्या आधी एकदा त्या तारांकडे बघून 'या माझ्या' म्हणायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं.

अट एकच. गावाची संमती सरकारी माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि महिनाअखेरीच्या आत तसं सही करून द्यायचं. म्हणून आले पेलसाहेब, नवेकोरे रबरी बूट घालून. आता संमती आमच्याकडे मेजवानीतच होते. यजमान घराणं बोलतं, बाकीची घराणी ऐकतात, आणि ऐकल्याबद्दल प्रत्येकाला आहेर. घेतला तो साक्षीदार. नाही घेतला, तर त्यानं काही पाहिलंच नाही, मग तो पहिल्या रांगेत का बसलेला असेना! आणि आहेर पोचवायचं काम लग्न करून आलेल्यांचं. म्हणजे माझं.

साहेब सॅमनचं सूप दोन वाडगे प्यायले, तळलेले पाव तीन खाल्ले, मान डोलवून डोलवून भाषणं ऐकली... आणि मी ब्लँकेट पुढे केलं तसे पांढरेफटक पडले. हळूच म्हणतात, कॉफी एक कप चालते, त्यावर काही घेतलं तर नोकरी जाईल. ब्लँकेट मागे सारलं, पिठाची पिशवी सारली, मोजे सारले, आणि माशाची चरबी कढवून केलेल्या तुपाची बाटली तर जरा जास्तच लगबगीनं सारली. मी आपली एकेक उचलून परत हातांवर घेतेय.

एझ्रामामांनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाले, "या माणसानं काही पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायला लावून त्याला खोटं पाडायचं का आपण?" झालं! साहेब म्हणतात, मी पाहिलं. मामा म्हणतात, नाही पाहिलंस. सूप निवतंय, पोरं पेंगतायत, साहेब कोपऱ्यात जाऊन ओटावाला फोन लावतायत, पलीकडून कोणी तरी नियम वाचून दाखवतंय, पहिल्या पानापासून.

शेवटी सासूबाई उठल्या. साहेबांजवळ जाऊन बसल्या. "बाळा," म्हणाल्या, "तुझ्या नियमात नातेवाइकांचं काय लिहिलंय?"

साहेबांनी फोनवर विचारलं. नातेवाइकांकडून घेतलं तर चालतं.

पुढचं तुम्हीच ओळखा. दत्तक! पण आमच्या घराण्यात नाही हं, यजमानांनाच साक्षीदार कसं करणार? मग पलीकडच्या घराण्यातल्या मॅव्हिसआत्या, माझ्या सासऱ्यांची बहीण, त्यांना मूलबाळ नाही, त्या उभ्या राहिल्या, साहेबांचा हात धरला आणि त्यांना नाव दिलं: 'पाण्यात उभा राहून विचार करणारा'. साहेब रडले. खरंच रडले हो, रुमाल मीच दिला. मग ब्लँकेट घेतलं, पीठ घेतलं, मोजे तिथल्या तिथे घातले, तूपसुद्धा घेतलं. सही झाली. सासूबाई दाराबाहेर जाऊन तारांकडे बघून आल्या. आणि मला प्रश्न, आता यांना साहेब म्हणू का भाऊजी?

सोमवारी भाऊजींचं पत्र आलं. फार प्रेमळ. आत्यांना 'प्रिय आई' वगैरे. खाली लिहिलेलं, की आता आपण नातेवाईक, आणि नातेवाइकांच्या फाइलवर सही करणं नियमात बसत नाही, सबब केलेली सही रद्द समजावी. मुदत दोन महिने वाढवली आहे, दुसरा अधिकारी येईल.

मामांनी पुन्हा कवळी काढून ठेवली. सासूबाई शांतपणे पिठाची यादी करायला बसल्या. म्हणाल्या, घेत राहू दत्तक, सरकारात माणसं आहेत तरी किती? अख्खं खातं घरचं झालं की नाही म्हणायला परका उरेलच कोण?

त्यांचं ठीक आहे. पण गुरुवारी येणारा अधिकारी बाई आहे हो, आणि आत्यांनी नावसुद्धा काढून ठेवलंय. अख्ख्या खोऱ्यात एकच घर बिननणंदेचं होतं, ते शोधून मी लग्न केलं... आणि आता नणंद येतेय थेट ओटावाहून, सरकारी खर्चानं.