नाव, पासवर्ड, स्टार्टएक्स

—नाही नाही दादा, पिशवीत नका घालू अजून, आधी बघून तर घ्या! बंद मशीन नेऊन काय करणार? उद्या तुमची बहीण म्हणेल, नवऱ्यानं बिघडवून दिलं. बसा. खुर्ची एकच आहे, तुम्ही बसा, मी उभा राहतो. चार होत्या, तीन देऊन टाकल्या. माणसं दोन, एक बसला की दुसरा काहीतरी कामात असतोच, मग चार कशाला? पडदे? तेही काढले. तिसऱ्या मजल्यावर कोण डोकावतंय! आणि बेल वाजली नाही म्हणून तुम्ही दहा मिनिटं दाराबाहेर उभे राहिलात — बेल नाहीच, दादा. दार असताना बेल कशाला, वाजवायचं की दार! चहा घेणार? बिनसाखरेचा आहे. नाही? बरं. मला माहितीये तुम्ही कशाला आलात. सांगून टाका, ताकाला येऊन भांडं लपवू नका. तिनं पाठवलंय, लॅपटॉप न्यायला. सोमवारपासून तिकडे शिवणाचा क्लास सुरू करतेय — कळलं मला, खालच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं. म्हणजे बघा, माझ्या बायकोचा क्लास सुरू होतोय हे मला इस्त्रीवाल्याकडून कळतं.

असो. तर मुद्दा समजून घ्या, म्हणजे तुम्हीच तिला समजावाल. तुम्ही आयुष्यभर बस चालवलीत. चावी फिरवली की इंजिन सुरू, बरोबर? मध्ये कोणी येऊन विचारतं का — नमस्कार, आपण कोण, हा तुमचा फोटो, आज वार अमुक, हवा तमुक? नाही ना! पण या लॅपटॉपला तसं होतं. विंडोजच्या जागी लिनक्स घातलंय त्यात, मीच घातलं, फुकटचं आणि चांगलं. पण चालू केलं की आधी एक सजवलेलं पान यायचं. निळं. त्यावर दोन गोल — एकात तिचा फोटो, एकात माझा. तिच्या गोलावर टिचकी मारायची, पासवर्ड लिहायचा, मग तिचं काम उघडणार. या पानाचा उपयोग काय? काही नाही! नुसता दारात उभा राहून या बसा म्हणणारा माणूस. आणि मशीन आठ वर्षांचं, त्याला तेवढंही ओझं. नाकापेक्षा मोती जड. म्हणून एका सोमवारी संध्याकाळी बसलो आणि ते पान काढून टाकलं. मुळापासून. आता बटण दाबलं की काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ — लॉगिन. तिथं नाव लिहायचं. मग पासवर्ड. मग लिहायचं स्टार्टएक्स — एस टी ए आर टी एक्स, सगळं जोडून — की चित्रांचा पडदा सुरू. बेचाळीस सेकंद लागायचे, ते एकोणीसवर आले. एकोणीस! मी घड्याळ लावून मोजलेत, तीनदा.

तिला सांगितलं होतं का? तोच तर प्रश्न सगळे विचारतात. म्हणजे, सांगणार होतो. ती झोपली होती, आणि सकाळी सहाला माझी पंपहाऊसवर पाळी. म्हटलं, काळ्या पडद्यावर स्पष्ट लिहिलंय लॉगिन, माणूस समजतो. आता नेमकं त्याच सकाळी दहा वाजता लग्नाच्या कपड्यांची मंडळी येणार हे मला काय माहीत? — म्हणजे, माहीत होतं. ती चार दिवस तेच बोलत होती. अकरा माणसांची मापं, सगळी त्या लॅपटॉपात. तिनं मला फोन केला. मी पंपाच्या मोटरीशेजारी उभा, कानठळ्या बसतात तिथं, मला अर्धं ऐकू येतं. मी ओरडून सांगितलं — नाव, पासवर्ड, स्टार्टएक्स! ती म्हणाली, अहो बटणंच चालत नाहीत. मी म्हटलं, बरोबर आहे! ती म्हणाली, मी दाबतेय आणि काही उमटत नाहीये. मी म्हटलं, बरोबर आहे, बरोबर आहे! कारण दादा, काळ्या पडद्यावर पासवर्ड लिहिताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, ती पद्धतच आहे. पण हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं बटणात धूळ गेली. शिवणयंत्र साफ करायचा ब्रश घेऊन तिनं एकेक बटण झाडलं. मग अंगठ्यानं जोर लावून दाबलं. स्पेसचं बटण तेव्हापासून थोडं तिरकं आहे, बघा. लग्नवाली मंडळी दोन तास बसली — तेव्हा खुर्च्या होत्या — आणि कापड उचलून निघून गेली. दुपारी मी घरी आलो. ती त्या काळ्या पडद्यासमोर बसलेली. आणि मी — आता हे तिनं तुम्हाला सांगितलंच असेल — मी दारातून पहिलं वाक्य काय बोललो? म्हटलं, किती सेकंद लागले?

हसू नका. नाही, हसा. मलाही आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

ती काही बोलली नाही हो! एक शब्द नाही. भांडली असती तर मी ते पान परत बसवलं असतं, देवाशपथ. पण महिनाभर घरात इतकी शांतता, मी म्हटलं, पटलं तिला. रोज जेवताना मी समजावून सांगायचो — कुठली फाइल सुरुवातीला वाचली जाते, पासवर्ड कसा बदलतात, नवा माणूस आत कसा घालतात, कुठली सेवा, म्हणजे मागं चालणारं काम, उगाच चालू राहते. दोन वर्षं सांगतोय मी तिला हे सगळं. ती मान खाली घालून काजं करत बसायची, तोंडात टाचणी. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणायचो मी मनात. त्याआधी तिचं आपलं एकच — मला फक्त बटण दाबल्यावर माझा मापांचा कागद समोर हवा. शंभरदा म्हणाली असेल. मी म्हणायचो, अगं तशी पद्धत नाही, आधी पाया समजून घे. आणि मग नऊ दिवसांपूर्वी एका हातात शिवणयंत्राचं डोकं, दुसऱ्या हातात कापडाचं गाठोडं, आणि गेली. तुमच्याकडे.

पण लॅपटॉप इथेच ठेवला! हे लक्षात घ्या. कायमचं जाणारा माणूस कामाची वस्तू मागे ठेवतो का? हात मोकळा नव्हता? दादा, हात मोकळा करता येतो. मी नऊ दिवस त्याला हात लावला नाही. रोज फडक्यानं पुसतो, पण उघडला नाही. म्हटलं, येईल, मला म्हणेल अहो जरा चालू करून द्या, आणि मी चालू करून देईन. तुम्हाला खरं सांगू? हे तिला कधी बोललो नाही. बत्तीस वर्षं मी पंप सुरू केले — आधी व्हॉल्व्ह, मग पाण्याचा दाब बघायचा, मग हँडल ओढायचं, अंगाला कळायचं मोटर लागली ते. गेल्या वर्षी नवं पॅनल आलं. आता सगळं आपोआप. माझं काम काय, तर हिरवा दिवा लागलाय का बघत बसणं. आठ तास. तो लागलेलाच असतो! घरी आलो की हातांना काही सुचायचं नाही. म्हणून मग — हे खुर्च्या, पडदे, हे काळं पान — निदान एक वस्तू तरी अशी की मी सांगितल्याशिवाय सुरू होणार नाही. असं वाटायचं. मूर्खपणाच आहे. तिला नका सांगू.

बघा, लावतो. हे बटण. मोजा तुम्ही. आला काळा पडदा. आता तिचं नाव. आता पासवर्ड — डोळे तिकडे करा, नाही तर राहू द्या, घरातले आहात, आमच्या लग्नाची तारीख आहे. एंटर. थांबा, दोन-तीन सेकंद विचार करतं ते... चुकीचं? माझं बोट घसरलं. ते तिरकं बटण. परत. नाव... तारीख... एंटर. — चुकीचं. असं कसं होईल? राहू द्या, माझ्या नावानं आत जाऊ, माझं तर माझं आहे. नाव. पासवर्ड. एंटर. दादा, हे काय? मग मशीनच्या मुख्य मालकाचा पासवर्ड, ज्यानं सगळं बदलता येतं, तो फक्त मला — तोही नाही! हे मशीन बिघडलं. तुम्ही पिशवीत घालताना दाबलंत का कुठं? नाही? मग हे — ही चिठ्ठी कसली? तिनं दिलीय? बघू. नाही, दाखवणार नाही? बरं, तुम्हीच लिहा. एका बोटानं लिहिताय, लिहा, लिहा, मी बघत नाही, खिडकीकडे तोंड केलंय मी. दाबलं एंटर? आता लिहा स्टार्टएक्स, एस टी — काय? उघडलं? कसं उघडलं, स्टार्टएक्स न लिहिता?

सरका जरा. अरे! हा तर मापांचा कागद. नाव, छाती, कंबर, बाही, उंची. सबंध पडदाभर, मोठी अक्षरं. बाकी काहीच नाही. खाली पट्टी नाही, कोपऱ्यात घड्याळ नाही, काही नाही! दादा, बंद करून परत चालू करा. करा हो, एकदाच, पाया पडतो, मला मोजायचंय. बटण... चार, पाच... काळा पडदा, लिहा नाव... लिहा... तुमच्या बोटाचा वेळ वजा करतो... झालं! बारा. बारा सेकंद, दादा! माझ्यापेक्षा सात कमी! तिनं स्टार्टएक्स सुरुवातीच्या फाइलमध्येच घातलं — नाव सांगितलं की ते आपणच सुरू होतं, आणि त्यात फक्त हा एक कागद, दुसरं काही नाहीच. आणि थांबा, काळ्या पडद्यावर जाऊन सेवांची यादी काढतो — बघा, छपाईची सेवा काढलीय तिनं! आपल्याकडे प्रिंटर कुठाय? दोन वर्षं ती रोज उगाच सुरू होत होती, माझ्या लक्षात नाही आलं! काजं करता करता सगळं ऐकत होती म्हणजे. एकही शब्द सुटला नाही तिच्या कानातून. कानामागून आली आणि तिखट झाली. मला सुचलं नाही हे, दादा, बत्तीस वर्षं मशीनं चालवलेल्या माणसाला सुचलं नाही. काय सुरेख केलंय. ती समोर असती ना, तर मी तिला — तर काय, किती सेकंद लागले हेच विचारलं असतं.

पण मग माझं नाव? ते का घेतलं नाही? मशीनमधल्या माणसांच्या यादीत असेलच. बघू... इथं तिचं नाव आहे. त्याखाली... खाली काही नाही. एकच नाव आहे, दादा.

काढलं तिनं मला.

माझ्या नोंदी होत्या त्यात. बत्तीस वर्षांच्या, वहीतून एकेक उतरवलेल्या, कुठल्या दिवशी कुठली मोटर किती वेळ — कुणाला नकोत त्या, पंपहाऊसनंसुद्धा मागितल्या नाहीत. पण होत्या. न्या. न्या तुम्ही लॅपटॉप. चार्जर तिथं खिळ्याला आहे, तोही न्या, त्याची वायर मधे वाकवू नका म्हणावं. घाला पिशवीत.

आता काय? हे माझ्यासाठी? तिनं दिलंय? आधी नाही का द्यायचं! — हो, मीच बोलत होतो. पेन ड्राइव्ह. यात माझ्या नोंदी आहेत? सगळ्या? आणि हे काय, ही पिशवी? ड्राइव्हच्याच मापाची शिवलीय. हे बटण... माझ्या जुन्या खाकी शर्टाचं आहे, कामावरच्या. म्हटलं कुठं गेला तो शर्ट. काज बघा किती बारीक. आणि आत — थांबा, चष्मा. आत अस्तर लावलंय. मऊ, फ्लॅनेलचं. दुहेरी शिवण घातलीय. बोटभर पिशवीला अस्तर! आपण कुणाला घालवून देतो तेव्हा त्याच्या सामानाला असं अस्तर लावून देतो का, दादा? नाही, मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतोय. तुम्ही ओळखता तिला माझ्या आधीपासून. लावतो?

फोन लावा तिला. तुमच्याच फोनवरून, माझा ती उचलत नाही. नाही, मी काही समजावणार नाही. सेकंदांचं तर नावच काढणार नाही. वाजतोय? इकडे द्या. उचलला का? — हां. मी आहे. अगं नाही, मी बोलत नाही काही. तू बोल. सगळं बोल, महिन्याभराचं. मी ऐकतोय.