मानाचा नारळ

हसा तुम्ही, पण माझं डोकं अजून तापलेलंच आहे. पोरीला रिसेप्शन गोव्याच्या बीचवर हवं होतं. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "पप्पा, मग तिसगावातच बीच करा." केला! मंडपात वाळू टाकली, रंगीत छत्र्या लावल्या, आणि दारातच प्रत्येकाच्या हातात स्ट्रॉ घातलेलं शहाळं.

व्याह्यांचे थोरले भाऊ आले. शहाळं हातात धरून उभेच राहिले.

"नारळ दिला, टॉवेल-टोपी कुठंय?"

"पाहुणे, हा मानाचा नाही, प्यायचाय."

"फोडलेला नारळ हातात देता व्हय? आमी काय असेतसे हाय का?"

आणि न जेवताच वाळू तुडवत निघून गेले. वर पोरगी मलाच म्हणते, "पप्पा, तुम्ही त्यांना नीट सांगायचं ना!"

परवा त्यांच्याकडं सत्यनारायणाला गेलो. त्यांनी चारचौघांत मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. म्हटलं, मिटलं एकदाचं. मग नारळ दिला. फोडलेला! वर स्ट्रॉ खोचलेली.

आणि पाणी? ते त्यांनी आधीच पिऊन टाकलं होतं!