फाटकावरची पाटी

(मुलींच्या वसतिगृहाची ओसरी. फाटकावरची पत्र्याची पाटी उतरवून दोन स्टुलांवर आडवी ठेवली आहे. पेंटर ती खरवडतो आहे. शेजारी स्वयंपाकघरातल्या मावशी.)

पेंटर : ...आणि हे बघा मावशी, ‘वंचित’ खरवडलं तर खालून ‘दुर्बल’ निघालं.

मावशी : अजून खरवड. खाली ‘निराश्रित’ असेल. त्याच्याही खाली ‘अनाथ’. मी त्या ‘अनाथ’च्या वेळची.

पेंटर : ‘निराश्रित’ माझ्या वडिलांच्या हातचं! शिरोरेघ बघा कशी सुतात आहे.

मावशी : असणारच. पाच वेळा चहा घेऊन काढली होती. चहा मीच केला होता, परकर-पोलक्यातली होते तेव्हा.

(वसतिगृहाच्या सेक्रेटरी बाई हातात कागद घेऊन येतात.)

सेक्रेटरी : झालं का खरवडून? उद्या दहाला पाहुणे येणार. त्याआधी पाटी फाटकावर हवी. हा घ्या नवा मजकूर. तीन बैठका झाल्या यावर.

पेंटर : ‘संधीच्या प्रतीक्षेतील मुलींचे वसतिगृह.’

मावशी : म्हणजे काय, बसथांब्यावर उभ्या आहेत का त्या?

सेक्रेटरी : मावशी, ‘वंचित’ बरं वाटत नाही, असं कमिटीचं मत पडलं. हा शब्द सन्मानाचा आहे.

मावशी : ‘वंचित’ लावलं तेव्हा तुमच्या आधीच्या बाई हेच म्हणाल्या. त्यांच्या आधीच्याही. सगळ्यांची भाषणं पाठ आहेत मला. टाळ्या मीच सुरू करायची.

पेंटर : बाई, शब्द लांबत चाललेत, पत्रा आहे तेवढाच आहे. ‘अनाथ’ पार कोपऱ्यावरून वाचता यायचं. हे वाचायला फाटकाला नाक लावावं लागेल.

मावशी : मग झकास. आणखी बारीक काढ.

सेक्रेटरी : तुमचं म्हणणं तरी काय आहे, मावशी?

मावशी : नुसतं ‘वसतिगृह’ लिहा. मागचं-पुढचं शेपूट नको.

सेक्रेटरी : मग कोणासाठी आहे हे कसं कळणार? मदत करायला आलेला माणूस फाटकातून परत जाईल.

मावशी : मुली तरी फाटकातून येतील.

सेक्रेटरी : येतातच की!

मावशी : तुम्ही अकराला येता, दोनला जाता. आज पाटीपायी थांबलात. शाळा सुटली की सगळ्या मागच्या गल्लीत जातात आणि भिंतीवरून आत उड्या मारतात. पाटीखालून आत शिरताना वर्गातल्या कुणी बघायला नको.

सेक्रेटरी : भिंतीवरून? अहो, खारूताईचा पाय जिन्यात मुरगळला ना?

मावशी : जिना मी सांगितला. भिंतीवरून पडली. नाव खारूताई पाडलं म्हणून काय शेपूट फुटतं का पोरीला?

सेक्रेटरी : आणि मला कुणी सांगितलं नाही?

मावशी : सांगितलं असतं, तर तुम्ही भिंत उंच केली असती.

पेंटर : हे मात्र खरं!

सेक्रेटरी : तुम्ही रंग ढवळा.

मावशी : रागावू नका. आणताना शब्द चांगलाच असतो हो. आम्हाला शाळेत ‘ए अनाथ’ म्हणायचे. कमिटीला कळवळा आला, ‘निराश्रित’ केलं. पोरांची जीभच वळेना! काय सुखात गेले ते आठ दिवस. नवव्या दिवशी वळली.

सेक्रेटरी : ‘प्रतीक्षेतील’ तर त्याहून अवघड आहे.

मावशी : मग पंधरा दिवस धरा.

पेंटर : बाई, पांढरा हात मारून झाला. अक्षरं काळी काढू की निळी?

सेक्रेटरी : थांबा, फाटक वाजलं. पाहुणे आजच आले की काय! मावशी, बघा बरं.

मावशी : पाहुणे नाहीत.

सेक्रेटरी : मग एवढा गलका कसला?

मावशी : आपल्या मुली आहेत.

सेक्रेटरी : फाटकातून?

मावशी : आज वर पाटी नाही ना.

पेंटर : ती लंगडणारी हीच का तुमची खारूताई? दप्तर दुसरीच्याच खांद्यावर दिसतंय.

सेक्रेटरी : ती दुसरी कोण? आपली नाही वाटत.

मावशी : वर्गातली असेल. दारापर्यंत घेऊन आली तिला... मी सहा वर्षांची होते तेव्हापासून इथे आहे, बाई. शाळेतली मैत्रीण घेऊन या फाटकातून आलेली ही पहिलीच.

पेंटर : काय मग? काळी की निळी?

सेक्रेटरी : हा पांढरा वाळायला किती वेळ लागतो?

पेंटर : ऊन आहे. दीड तास.

सेक्रेटरी : आणि अगदी नीट वाळायला?

पेंटर : नीट म्हणजे... तुम्ही म्हणाल तेवढा.

सेक्रेटरी : मग राहू दे असाच. पाहुण्यांना मी सांगेन, अजून ओला आहे म्हणून.